शेवटची भाकरी

आमच्या आळीत कुत्री होती, पण कुणी कुत्रं पाळलेलं नव्हतं. खंड्या कुणाचा, असं पाव्हण्यानं विचारलं तर सांगणारा बुचकळ्यात पडायचा. खंड्या आळीचा. सकाळी एका दारात, दुपारी दुसऱ्याच्या गोठ्यात, सुगीत रात्रभर खळ्यावर. पण प्रत्येक घरात एक भाकरी त्याच्या नावाची असायची. पीठ संपत आलं की काठवटीला चिकटलेलं खरवडून घ्यायचं, त्यात मूठभर कोंडा घालायचा आणि शेवटची एक जाडजूड, वेडीवाकडी भाकरी थापायची. ती कुत्र्याची. घरातला माणूस अर्धपोटी उठला तरी तिला हात लावायचा नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी होत्या. त्या वर्षी ही शेवटची भाकरी पुरीएवढी झाली, पण झाली.

त्याच वर्षी खंड्या म्हातारा झाला होता. कान गेले होते, भुंकणं बंद झालं होतं, दात उरले नव्हते. दिवसभर मारुतीच्या पारावर पडून असायचा. चोर आला असता तर त्याला ओलांडून गेला असता. तरी माझी आजी त्याची भाकरी ताकात कुस्करून द्यायची. "आता ह्यो कामाचा न्हाई, कशाला घालतीस?" असं आळीत कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. त्यानं आपला जमाखर्च आधीच पुरा केला होता, आता देणं आळीकडं होतं. एवढा साधा हिशेब होता.

हे मी गावाच्या कौतुकासाठी सांगतोय असं कुणी समजू नये. त्याच गावात माद्यांची पिल्लं गोणीत घालून नदीपल्याड सोडून यायचे. कुत्रं पिसाळलंय असं नुसतं कुणी म्हटलं तरी लाठ्या निघायच्या, मग ते पिसाळलेलं असो नाहीतर नुसतं तहानलेलं. उसाच्या रानात विषाचे गोळे टाकायचे. गाव निर्दय होतं तेव्हा चांगलंच निर्दय होतं. पण म्हातारं झालं म्हणून टाकून द्यायचं, हा प्रकार आमच्याकडं नव्हता. तो आता आलाय, आणि गाडीत बसून आलाय.

आमचं गाव पुणे-सातारा हमरस्त्याला लागून आहे, खंबाटकी घाटाच्या अलीकडं. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर जाणाऱ्यांच्या, महाबळेश्वरला जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी गाडी ढाब्याच्या पुढं, जिथं दिवे संपतात तिथं थांबते. मागचं दार उघडतं. कुत्रं खाली उतरतं. त्याला वाटतं मालक फिरायला घेऊन आलाय, म्हणून ते शेपूट हलवत बांधाला पाय वर करतं. तेवढ्यात दार लागतं. गळ्यातला पट्टा आधीच काढलेला असतो. पट्टा महाग असतो, आणि त्यावर फोन नंबर असतो.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं मोजली, त्यामुळं मोजायची सवय आहे. रस्त्याला सोडलेली जी जी जातिवंत कुत्री मी पाहिली, त्यांत लॅब्राडोर होते, जर्मन शेफर्ड होते, पामेरियन होते, आता हस्कीसुद्धा येतात. पण वय जवळजवळ एकच. सात-आठच्या पुढं. तोंडाभोवती पांढरं झालेलं. कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू, कुणाचे मागचे पाय उचलत नाहीत, कुणाच्या पोटाखाली गाठ. म्हणजे औषधपाण्याचा खर्च जिथं सुरू होतो, नेमकं तिथं मालकाचं प्रेम संपतं.

ही कुत्री पुढं काय करतात? सोडलं तिथंच बसून राहतात. दोन-दोन दिवस, रस्त्याकडं तोंड करून. प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठतात. आमची गावची कुत्री त्यांना वस्तीत शिरू देत नाहीत. स्टीलच्या भांड्यात पाणी प्यालेल्या कुत्र्याला कॅनॉलच्या उतरत्या काठावरून पाणी पिता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काही ट्रकखाली जातात. काही बिबट्या नेतो. बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार नाही. अकोले भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. आणि सोडणारे घरी जाऊन पोरांना सांगतात, "गावाकडं मोकळं रान आहे, तिथं तो मजेत राहील." मोकळं रान! आमच्या रानात आम्हीच मजेत राहत नाही.

याला कायदा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा जागी टाकून देणं हा त्यात गुन्हा धरलाय. शिक्षा वाचा: पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. गाडी थांबवून ढाब्यावर चहा घ्यायला याहून जास्त लागतात. ज्या मालकाला हा कायदा माहीत नाही तो निर्धास्त, आणि ज्याला माहीत आहे तो आणखी निर्धास्त.

पण बोट नुसतं पुण्याकडं दाखवून मी सुटणार नाही. आमच्या गावातही आता शेवटची भाकरी होत नाही. तव्यावर मोजून भाकरी, चपातीचं पीठ गिरणीतून नाहीतर पिशवीतून. उरलंसुरलं कचऱ्याच्या गाडीत. आणि पोरांना कुत्रं पाहिजे ते मोबाईलवर पाहिलेलं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली धापा टाकणारा हस्की आमच्या शेजारच्या वस्तीवर आहे. बर्फातलं जनावर ते, खंडाळा तालुक्यात कशाला आणलं म्हणून विचारलं तर पोरगं म्हणतं, "मास्तर, लुक बघा की." लुक चार वर्षांत उतरेल. मग याचंही रान मोकळं.

तर मुद्दा असा. आमच्या भागात एक बाई गेली काही वर्षं अशा कुत्र्यांसाठी आसरा चालवतात. नाव देत नाही, कारण नाव छापलं की लोक मदत घेऊन येण्याऐवजी कुत्री घेऊन येतात. पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, एक चूल, मोठा हंडा. भाचा हाताखाली. तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर आठवड्याला एक फेरी मारतो. भात, हळद, कोंबडीवाल्याकडून आणलेले पाय आणि मुंडकी, असा रोजचा स्वयंपाक. जागा चाळिसेक कुत्र्यांची, आणि कुत्री नेहमी त्याहून जास्त. मी निवृत्त झाल्यापासून तिथं हिशेब लिहायला जातो. हिशेब लिहिणाऱ्याला जे दिसतं ते फोटो काढणाऱ्याला दिसत नाही, म्हणून हे लिहितोय.

हिशेबात दिसतं ते असं. पिल्लू आलं की महिन्या-दोन महिन्यांत जातं. कुणीतरी नेतंच. तीन पायांचं असलं तरी नेतात, उलट त्याचं जरा जास्तच कौतुक होतं. म्हातारं कुत्रं आलं की ते जात नाही. आज आलेलं, पुढच्या पावसाळ्यात तिथंच. त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही तिथंच. मग हळूहळू कप्पे म्हाताऱ्यांनी भरतात. आणि एके रात्री रस्त्यावर कंबर मोडलेलं कुत्रं पडल्याचा फोन येतो तेव्हा बाईंना म्हणावं लागतं, "जागा नाही हो." आसरा हा एसटी स्टँडसारखा असला पाहिजे. गाडी लागली, माणसं उतरली, दुसरी गाडी लागली. स्टँडवर लोक बिऱ्हाड करून राहिले तर उद्याच्या प्रवाशानं उभं कुठं राहायचं?

म्हणून मी कुत्र्याच्या नावानं हळहळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: पिल्लू नेऊ नका. पिल्लाला तुमची गरज नाही, त्याला दहाजण आहेत. म्हातारं न्या. एक म्हातारं नेलंत की त्याची सोय झालीच, आणि त्याच्या मोकळ्या कप्प्यात रस्त्यावरचं एक जगलं. एका नेण्यात दोन.

हे म्हटलं की लोक कसे बोलतात ते मला आता पाठ झालंय.

"म्हातारं कुत्रं जीव लावत नाही हो, लहानपणापासून सांभाळलं तरच लावतं." हे म्हणणाऱ्यानं कधी म्हातारं कुत्रं सांभाळलेलं नसतं. ज्यानं घर पाहिलंय आणि घर गेलेलंही पाहिलंय, ते दुसरं घर मिळाल्यावर जिवाला कसं धरून असतं हे बघायचं असेल तर आमच्या दारात या. आणि व्यवहाराचं बोलायचं तर पिल्लू आणणं म्हणजे लॉटरी. मोठं किती होणार, स्वभावानं कसं निघणार, कुणाला ठाऊक? म्हाताऱ्याचं सगळं उघड असतं. किती मोठं, किती खाणार, पोरांवर गुरगुरतं का, मांजर सोसतं का, ते आसऱ्यातली माणसं सांगतात. चपला कुरतडत नाही. घरात घाण करत नाही. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपतं. पोरं पुण्याला आणि आपण दोघंच वाड्यात, अशी घरं आता गावोगाव आहेत. त्या घरात दोरी तोडून पळणारं चार महिन्यांचं पिल्लू आणायचं, की आपल्याच चालीनं चालणारं, आपल्यासारखंच जिन्याला घाबरणारं आणायचं? उत्तर द्यायची गरज नाही.

"खर्च होतो." होतो. वर्षाला रेबीजची एक सुई, इतर रोगांची एक, गोचिडाचं औषध, पायाच्या दुखण्याच्या गोळ्या. मादी असेल आणि तिचं ऑपरेशन झालेलं नसेल तर ते आधी करून घ्या, नाहीतर गर्भपिशवीत पू होतो आणि मग दोन दिवसांत होत्याचं नव्हतं होतं. पण हे सांगणारा गृहस्थ दिवसाला तंबाखू आणि चहावर किती घालवतो ते मी त्याच्या शेजारीच बसून पाहत असतो.

"माणसांना खायला मिळंना, आणि तुम्ही कुत्र्यांचं घेऊन बसलाय." हा सगळ्यांचा लाडका मुद्दा. मी उलटं विचारतो: मग या महिन्यात कुठल्या माणसाला घातलंत? गप्प. कुत्र्याला न घातलेली भाकरी आजवर कुठल्या भुकेल्या माणसाच्या ताटात गेलेली मी पाहिली नाही. आमच्या आळीत ज्या घरात शेवटची भाकरी व्हायची त्याच घरातून गोसाव्याला पीठ मिळायचं. ज्या घरातून कुत्र्याला धोंडा मिळायचा, तिथं गोसावी थांबतच नव्हता.

"कुत्री चावतात, माणसं मरतात." हे मात्र खरं आहे, आणि ते खरं नाही असं सांगणाऱ्या प्राणिमित्रांशी माझं पटत नाही. रेबीज झालेला माणूस वाचत नाही. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी दवाखान्यात जाऊन सुया पुऱ्या करायच्या. हळद-मिरची भरणारे बाबा गाठायचे नाहीत. शाळेत हे मी दर वर्षी मुलांना घोकायला लावायचो. पण बघा, चावतं कोण? बहुतेक वेळा भेदरलेलं, भुकेलं नाहीतर पिल्लांवर बसलेलं कुत्रं. टाकून दिलेली कुत्री रानात कळप करतात, मग कोकरं फाडतात. बारामतीकडं मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणांच्या मागं कुत्री लागतात. म्हणजे टाकणाऱ्याचा त्रास धनगराला, हरणाला आणि शाळेत जाणाऱ्या पोराला. कुत्र्याची भीती वाटणाऱ्यानं तर आसऱ्याला सगळ्यात आधी पैसे द्यावेत. तिथं आलेल्या प्रत्येक कुत्र्याचं ऑपरेशन होतं, सुई टोचली जाते, कानाला खाच पडते. प्रेमापोटी नको, भीतीपोटी द्या. पावती सारखीच मिळते.

आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, चांगली माणसं जे विचारतात ते: "किती दिवस जगंल हो? जीव लावायचा आणि दोन वर्षांत खड्डा खणायचा. नको वाटतं."

या प्रश्नाला मी हसत नाही. पण हा प्रश्न स्वतःच्या दुःखाचा आहे, कुत्र्याचा नाही. तुम्ही नेलं नाही म्हणून ते जास्त जगणार नाही. ते दोन वर्षांतच मरणार आहे. फक्त जाळीच्या कप्प्यात, साठ कुत्र्यांच्या भुंकण्यात मरेल की एखाद्या ओसरीवर, ओळखीच्या माणसाच्या पायाशी, एवढंच ठरायचं आहे. आपल्याकडं "कुत्र्याच्या मौतीनं मेला" म्हणतात. ती मौत कुत्र्यानं ठरवलेली नाही.

मला या बाबतीत उत्तर मिळालं ते एका धनगराकडून. दिवाळी झाली की फलटण-माणकडची मेंढरं आमच्या शिवारात येतात. रात्री रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य मापून द्यायचं, हा जुना व्यवहार. एका वर्षी आमच्या रानातून वाडा उठत होता. घोड्यावर बिऱ्हाड चढवलेलं: तळाला वाकळा, वर भांडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, घोंगडीवर, एक थोराड कुत्रं. नाकाडापासून कानापर्यंत पांढरं झालेलं. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून घालतात तो, अजून तसाच. पाटलासारखं बसलं होतं.

मी विचारलं, "हे का वर?"

"पाय गेल्यात त्येचं."

"मग इथंच सोडायचं गावात. खाईल काहीतरी."

धनगरानं माझ्याकडं असं पाहिलं की मास्तर असून मला शाळेत बसल्यासारखं झालं. म्हणाला, "आवं मास्तर, धा वर्सं लांडग्याच्या तोंडातनं मेंढरं वढून काढली ह्यानं. धा वर्सं आमी घोड्यावर आन् ह्यो पायी. आता ह्येची पाळी हाय."

आणि घोड्याला टाच मारून गेला. त्याच्याकडं घर नव्हतं, छप्पर नव्हतं, पुढच्या मुक्कामी पाणी असेल की नाही हेही ठाऊक नव्हतं. आणि मागच्या सीटवर कुत्र्याला झोपायला जागा असलेली गाडी ढाब्याच्या पुढं थांबते!

देवाधर्माचं मी फार बोलत नाही, पण इथं बोलल्याशिवाय राहवत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, त्यांना चार वेद म्हणायचं आणि दर गुरुवारी हात जोडायचे. खंडोबाच्या संगती कुत्रा, आणि जेजुरीला आपण स्वतःला वाघ्या म्हणवून घ्यायचं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट कीर्तनात ऐकताना डोळे पुसायचे. धर्मराजानं कुत्र्याशिवाय स्वर्गाच्या रथात पाय ठेवला नाही, हे पोरांना सांगायचं. आणि मंदिरातून बाहेर पडताना पायरीवरचं लुळं कुत्रं पायानं ढकलायचं. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारनं कुत्री मारायला डोईमागं आठ आणे लावले, तेव्हा पारशी लोक त्यावरून दंगलीला उठले होते, बाजार बंद पडला होता. आम्ही एवढ्या देवांची कुत्री पुजणारे, आम्हाला दंगल नको, निदान महिन्याला दोनशे रुपये तरी द्या!

पैसे कसे द्यावेत याबद्दलही माझं मत आहे. वाढदिवसाला केक आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येऊ नका. साखरेची बिस्किटं कुत्र्याच्या कामाची नाहीत, आणि तुमचे फोटो काढायला भाच्याला हातातलं काम टाकावं लागतं. वर्षातून एकदा पाच हजार देणाऱ्यापेक्षा महिन्याला दोनशे चुकता न करता देणारा हिशेब लिहिणाऱ्याला जास्त आवडतो, कारण हंडा रोज चढतो. तांदळाची कणी द्या, जुनी पोती द्या, डॉक्टरचं बिल परस्पर डॉक्टरकडं भरा. आणि डोळे झाकून कुणालाही देऊ नका. कुत्र्यांच्या नावावर दुकान मांडलेलेही आहेत. जाऊन बघा. किती कुत्री आली, किती गेली, किती मेली याची वही आहे का? ऑपरेशनशिवाय नर-मादी एकत्र ठेवलेत का? म्हाताऱ्यांना कोरडी जागा आहे का? जो आसरा कधीच नाही म्हणत नाही, येईल ते कुत्रं कोंबतो, तो आसरा नव्हे, कोंडवाडा. तिथं एक पैसा देऊ नका.

ग्रामपंचायतींनाही हे सुटत नाही. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम २००१ साली झाले, २०२३ ला नवे आले, आणि त्यांत जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. ग्रामसभेत हा विषय काढला की लोक हसतात. गटारीचं बघा आधी, म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीकडच्या कुत्र्यांबद्दल आधी सगळी उचलून कोंडायचा हुकूम दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीची ऑपरेशन करून, सुई टोचून परत सोडा म्हणून सांगितलं. पारावर त्याची चार दिवस चर्चा झाली. पण त्याच हुकुमात आणखी एक वाक्य होतं, ते कुणी वाचलं नाही: ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं त्यानं अर्ज करावा, आणि नेलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. हे वाक्य मी आसऱ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. न्यायला येणाऱ्याला आधी ते वाचायला लावतो. काही वाचून परत जातात. बरं झालं, म्हणायचं.

आमच्या दारात जी आहे तिचं नाव राणी. लॅब्राडोर, पिवळ्या रंगाची, आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असावी. पिल्लं विकण्याच्या धंद्यात तिचा जन्म गेलेला. पोटाखाली सड लोंबलेले, पाठ बाक आलेली, कोपरांना सिमेंटवर बसून बसून घट्टे. वेत यायची थांबली तशी टाकली. एका मादीची वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचच, असा नियम २०१७ पासून आहे, हिच्याकडं बघून डॉक्टर म्हणाले, "पाचवर ही थांबली असेल असं वाटत नाही." बायको म्हणाली, "म्हातारपणी आपलं आपल्याला होईना, आणि ही कुठली म्हातारी आणून ठेवलीत?" आता भाकरी करताना काठवट खरवडल्याचा आवाज येतो. राणी कितीही गाढ झोपलेली असली तरी त्या आवाजाला कान उचलते. ताकात कुस्करून लागते, दात तिचेही गेलेत. अंगणात मेंढरं शिरली तरी ती भुंकत नाही. भुंकावं असं आमचं म्हणणंही नाही.

आज आसऱ्यात तीन म्हातारी आहेत. एक काळा गावठी नर, एका डोळ्यानं अधू, पण पोरांत बसवलं तरी शांत. एक पामेरियन, तिला खोकला आहे, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्या गुळाच्या खड्यात दाबून दिल्या की घेते. एक जर्मन शेफर्ड, मागचे पाय ओढत चालतो, त्याला पायऱ्या नसलेलं घर पाहिजे. न्यायला येणार असाल तर सकाळी या, दुपारी ती झोपतात. दोघं या, एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं मागं त्याच्याजवळ बसायचं. जुनी वाकळ नाहीतर पोतं आणा. आणि घाई करू नका, गाडीचं दार उघडलं की तिघंही मागं सरतात. त्यांना चढायला वेळ लागतो.